अनोथेन: वरून, मुळापासून की पुन्हा?

योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा एक परूशी, म्हणजे धर्मशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस आणि यहुद्यांचा अधिकारी, रात्रीच्या वेळी येशूकडे येतो आणि त्या दोघांमध्ये जो संवाद होतो, त्याचा सगळा भार एका ग्रीक क्रियाविशेषणावर आहे. येशू म्हणतो की 'अनोथेन' जन्मल्यावाचून कोणालाही देवाचे राज्य पाहता येत नाही. त्यावर निकदेम विचारतो की म्हातारा झालेला माणूस जन्म कसा घेणार, तो आईच्या उदरात दुसऱ्यांदा शिरून जन्माला येऊ शकतो काय? प्रचलित मराठी बायबलमध्ये येशूच्या तोंडी 'नव्याने जन्मल्यावाचून' असे शब्द आहेत आणि ते वाचल्यावर निकदेमाचा प्रश्न अगदी सरळ वाटतो. मूळ ग्रीक वाचणाऱ्याला मात्र येथे थांबावे लागते, कारण 'अनोथेन' या शब्दाचा पहिला आणि सर्वांत नेहमीचा अर्थ 'नव्याने' असा नसून 'वरून' असा आहे. मग येशू 'वरून जन्मणे' म्हणत होता आणि निकदेमाने 'पुन्हा जन्मणे' ऐकले, की लेखकाला दोन्ही अर्थ एकदमच हवे होते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आधी तो शब्द घडला कसा आणि ग्रीक माणसे तो कुठे कुठे वापरत होती, हे नीट पाहावे लागते. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही हा शोध रंजक वाटेल, कारण दिशेचा एक साधा शब्द काळाचा शब्द कसा होतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते.

शब्दाची घडण सोपी आहे. 'अनो' म्हणजे वर आणि '-थेन' हा 'तेथून निघून' असा अर्थ देणारा प्रत्यय. उच्चारताना स्वराघात पहिल्या अक्षरावर येतो, 'नो' दीर्घ असतो आणि 'थे' ऱ्हस्व. प्राचीन अथेन्समध्ये त्यातला 'थ' मराठीतल्या 'थ'सारखाच महाप्राण होता. ग्रीक नामांच्या विभक्तींमध्ये अपादानासाठी, म्हणजे आपल्याकडच्या पंचमीच्या कामासाठी, स्वतंत्र रूप उरले नव्हते. ते काम षष्ठीने आणि शब्दयोगी अव्ययांनी वाटून घेतले होते. '-थेन' या प्रत्ययाने मात्र त्या जुन्या अर्थाचा एक कोपरा जपून ठेवला. 'पोथेन' म्हणजे कुठून, 'ओइकोथेन' म्हणजे घरून, 'मक्रोथेन' म्हणजे दुरून, 'ऊरनोथेन' म्हणजे आकाशातून, 'अथेनेथेन' म्हणजे अथेन्सहून. मराठीतला '-ऊन' किंवा '-हून' हा प्रत्यय हेच काम करतो आणि संस्कृतमध्ये 'कुतः', 'ततः', 'सर्वतः' या रूपांतला '-तः' हेच काम करतो. या प्रत्ययांचे मूळ एक आहे असे येथे म्हणायचे नाही. त्यांचे काम सारखे आहे, एवढेच. म्हणून मराठी वाचकाला 'अनोथेन' समजायला 'वरून' हा शब्द पुरतो. 'वर'ला 'ऊन' जोडले की 'वरून', तसे 'अनो'ला 'थेन' जोडले की 'अनोथेन'.

या प्रत्ययाची एक सवय लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढे ती उपयोगी पडते. वापरून वापरून त्याची धार बोथट होते आणि मग बोलणाऱ्याला तीच गोष्ट दुसऱ्या शब्दाने पुन्हा सांगावीशी वाटते. होमरच्या काव्यातच 'एक्स ऊरनोथेन' असा प्रयोग सापडतो. इलियडच्या आठव्या सर्गात झ्यूस देवांना आव्हान देतो की आकाशातून सोन्याची साखळी खाली सोडा आणि मला ओढून पाहा. तेथे 'ऊरनोथेन' या शब्दातच 'आकाशातून' हा अर्थ असताना त्याच्याआधी 'एक्स', म्हणजे 'मधून', हे अव्यय आणखी आलेले आहे. मत्तय आणि मार्क या शुभवर्तमानकारांनी येशूच्या मृत्यूच्या वेळी यरुशलेमेच्या मंदिरातला पडदा फाटल्याचे सांगताना 'अप् अनोथेन', म्हणजे शब्दशः 'वरूनपासून', असेच लिहिले आहे. भाषेच्या अशा सवयीला चूक म्हणणे बरोबर नाही. एखादा शब्द लोकांच्या तोंडी किती रुळला होता, याची ती खूण असते.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागात, 'अनोथेन' हा शब्द १३ वेळा येतो आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी अर्थाबद्दल शंका उरत नाही. मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो, तेथे तो शुद्ध स्थळवाचक आहे. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात येशूच्या अंगरख्याचे वर्णन आहे. त्याला शिवण नव्हती, तो वरपासून सबंध विणलेला होता, म्हणून शिपायांनी तो न फाडता चिठ्ठ्या टाकल्या. तेथेही शब्द हाच आहे आणि विणकामाची सुरुवात ज्या बाजूने होते ती वरची बाजू, इतकाच त्याचा अर्थ आहे. याकोबाच्या पत्रात तो तीनदा येतो: प्रत्येक उत्तम देणगी वरून, प्रकाशांच्या पित्यापासून उतरते, मत्सराने भरलेले शहाणपण वरून उतरणारे नव्हे, आणि जे वरून येणारे ज्ञान आहे ते शुद्ध व शांतिप्रिय असते. या तिसऱ्या ठिकाणी व्याकरणाची एक सुंदर सोय दिसते. ग्रीकमध्ये नामाआधीचे उपपद आणि नाम यांच्या मध्ये क्रियाविशेषण ठेवले की ते विशेषणाचे काम करू लागते. त्यामुळे 'हे अनोथेन सोफिया' ('हे' हे ग्रीक स्त्रीलिंगी उपपद) अशा रचनेचा अर्थ 'ते वरचे ज्ञान' असा होतो. मराठीत त्यासाठी 'वरून येणारे' असे धातुसाधित जोडावे लागते किंवा 'वरचे' असे रूप करावे लागते. ग्रीकमध्ये शब्दाला हात न लावता केवळ त्याची जागा बदलून हे साधते.

योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायातच पिलात येशूला सांगतो की तुला सोडण्याचा आणि वधस्तंभावर देण्याचा अधिकार माझ्याकडे आहे. येशू उत्तर देतो की तो अधिकार तुला 'अनोथेन' दिलेला नसता, तर तुझा माझ्यावर काहीच अधिकार चालला नसता. हे वाक्य ऐकणारा रोमी सुभेदार 'वरून' याचा अर्थ रोमच्या बादशाहाकडून असा घेऊ शकतो आणि वाचकाला तो देवाकडून असा कळतो. मराठीतही 'वरून हुकूम आला आहे' या वाक्यात 'वर' म्हणजे कार्यालयातली वरची जागा असते, त्यामुळे हा दुहेरी सूर मराठीत आपोआप उतरतो.

आता काळाकडे वळू. प्राचीन ग्रीकांच्या बोलण्यात 'अनो' हा शब्द उंचीपुरता मर्यादित नव्हता. समुद्रकिनाऱ्यापासून देशाच्या आत जाणे म्हणजेही 'वर' जाणे होते. झेनोफोनने इ.स.पू. ४०१ च्या मोहिमेचा जो वृत्तांत लिहिला, त्याला 'अनाबासिस', म्हणजे 'वर चढणे', असे नाव आहे, कारण सैन्य आशिया मायनरच्या किनाऱ्याकडच्या भागातून इराणी साम्राज्याच्या आत शिरले होते. (कोकणातून देशावर जाणारा माणूस 'घाटावर जातो' असे आपण म्हणतो, पण आपल्याकडे मध्ये खरोखरच घाट उभा आहे.) काळाच्या बाबतीतही जे आधीचे ते 'वरचे' होते. पूर्वज हे वरचे, आधी घडलेले ते वरचे, लेखात आधी सांगितलेले तेही वरचे. हा शेवटचा वापर मराठीत जसाच्या तसा आहे, कारण 'वर सांगितल्याप्रमाणे' हे शब्द लिहिताना आपणही आधी येणाऱ्या गोष्टीला वरच मानतो. मग 'अनोथेन', म्हणजे 'वरून', याचा अर्थ काळाच्या संदर्भात 'आधीच्या टोकापासून', 'सुरुवातीपासून', 'फार पूर्वीपासून' असा होणे ओघानेच आले.

येथे मराठी आणि ग्रीक यांच्या कल्पनेतला एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या भाषेत सुरुवात ही बहुधा खाली असते. आपण 'मुळापासून' म्हणतो, 'आमूलाग्र' म्हणतो, गोष्टीच्या 'बुडाशी' जातो. झाडाचे मूळ हा आपल्या आरंभाचा नमुना आहे. ग्रीक 'अनोथेन'मध्ये आरंभ वर आहे आणि घटनाक्रम तेथून खाली उतरत येतो. त्यामुळे 'अनोथेन'चे मराठी भाषांतर करताना 'वरून' आणि 'मुळापासून' हे परस्परविरुद्ध दिशांचे दोन शब्द एकाच ग्रीक शब्दासाठी वापरावे लागतात आणि त्या दोन अर्थांतले नाते मराठी वाचकाच्या नजरेतून निसटते.

लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्याच वचनात हा शब्द वापरला आहे. थियफिलाला उद्देशून तो लिहितो की मी सर्व गोष्टींचा 'अनोथेन' बारकाईने मागोवा घेतला आहे. काही जुन्या भाष्यकारांनी येथे 'वरून', म्हणजे दैवी प्रेरणेने, असा अर्थ काढण्याचा प्रयत्न केला होता, पण वाक्याचा सगळा रोख चौकशी करणाऱ्या इतिहासलेखकाचा आहे आणि त्यात आकाशवाणीला जागा नाही. अर्थ 'सुरुवातीपासून' किंवा 'पूर्वीपासून' असाच घ्यावा लागतो. याच लेखकाचे दुसरे पुस्तक, म्हणजे प्रेषितांची कृत्ये, हा अर्थ पक्का करते. तेथे सव्विसाव्या अध्यायात प्रेषित पौल अग्रिप्पा राजासमोर आपली बाजू मांडताना म्हणतो की माझे आयुष्य आरंभापासून सर्व यहुद्यांना ठाऊक आहे आणि ते मला 'अनोथेन' ओळखतात. लागोपाठच्या वचनांत एकदा 'अप् अर्खेस', म्हणजे आरंभापासून, आणि लगेच 'अनोथेन' अशी ही जोडी आहे. लूकच्या प्रस्तावनेतही याच दोन शब्दांची जोडी शेजारशेजारच्या वचनांत आलेली आहे. एकच लेखक दोन पुस्तकांत दोन्ही शब्द असे जवळजवळ वापरतो, यावरून त्याच्या लेखी ते जवळच्या अर्थाचे होते, हे स्पष्ट दिसते.

'सुरुवातीपासून' या अर्थातून 'पुन्हा' हा तिसरा अर्थ कसा निघतो, हे समजणे अवघड नाही. शाळेत धडा वाचणारा मुलगा मध्येच अडखळला की बाई म्हणतात, 'वरून वाच.' या दोन शब्दांत पानाच्या वरच्या टोकापासून, म्हणजे सुरुवातीपासून, आणि म्हणूनच पुन्हा, असे तिन्ही अर्थ एकत्र आहेत, आणि मुलाला त्यातला कोणता घ्यायचा असा प्रश्न पडत नाही. ग्रीकमध्येही तसेच घडले. जी गोष्ट एकदा घडली आहे, ती 'वरून' करायची म्हणजे नव्याने करायची.

तथापि 'पुन्हा' हा अर्थ ग्रीकमध्ये किती पक्का होता, याबद्दल सावधपणे बोलले पाहिजे. पौल गलतीकरांना, म्हणजे गलतिया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रात, विचारतो की तुम्ही त्या दुबळ्या आणि दरिद्री तत्त्वांकडे वळून पुन्हा त्यांचे दास होऊ पाहता काय, आणि तेथे तो 'पलिन अनोथेन' असे दोन शब्द लिहितो. 'पलिन' हा 'पुन्हा'साठीचा रोजचा शब्द आहे. 'शलमोनाचे ज्ञान' या ग्रीकमध्येच लिहिलेल्या यहुदी ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात, इस्राएल लोक समुद्र ओलांडतात त्या प्रसंगी सगळ्या सृष्टीला नवे रूप मिळाले असे वर्णन आहे आणि तेथेही 'पलिन अनोथेन' अशीच जोडी आहे. दोन्ही ठिकाणी 'पुन्हा' हा अर्थ 'पलिन'ने आधीच दिलेला आहे आणि 'अनोथेन' त्यात 'अगदी पहिल्यापासून' अशी भर घालतो. एकट्या 'अनोथेन'ने 'पुन्हा' हा अर्थ दिल्याची उदाहरणे कमी आहेत, पण ती आहेत. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याने अबिमलेख राजाने इसहाकाशी पुन्हा मैत्री जोडल्याचे सांगताना केवळ 'अनोथेन' लिहिले आहे. म्हणजे निकदेमाने हा शब्द 'पुन्हा' असा ऐकला असेल, तर त्याने ग्रीक भाषेच्या बाहेरचे काही ऐकलेले नाही. त्याने त्या शब्दाच्या अर्थांपैकी कमी वापरातला, पण खरा अर्थ घेतला.

आता निकदेमाच्या संवादाकडे परत गेले पाहिजे, कारण तेथे पुरावा शब्दाशब्दांत विखुरलेला आहे. पहिली गोष्ट अशी की लेखकाला केवळ 'पुन्हा' म्हणायचे असते, तर 'पलिन' हा शब्द त्याच्या हाताशी होता. याच शुभवर्तमानात तो चाळीसपेक्षा जास्त वेळा आलेला आहे. दुसरी गोष्ट, निकदेम उत्तर देताना येशूचा शब्द परत वापरत नाही. तो 'देउतेरोन', म्हणजे 'दुसऱ्यांदा', असा मोजदादीचा शब्द आणतो. येशूच्या वाक्यात संख्या नव्हतीच. ती निकदेमाने आणली. तिसरी गोष्ट क्रियापदाची आहे. येथले 'गेन्नाओ' हे क्रियापद आईच्या प्रसवण्यासाठी चालते, तसे पित्याने जन्म देण्यासाठीही चालते. येशूचे वाक्य पित्याच्या बाजूने ऐकले तर 'वरच्या पित्यापासून जन्मणे' असा अर्थ लागतो आणि या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात 'देवापासून जन्मलेले' असा प्रयोग येऊन गेलेला आहे. निकदेम तेच क्रियापद आईच्या बाजूने ऐकतो आणि म्हणून त्याचा प्रश्न आईच्या उदराचा होतो. क्रियाविशेषण आणि क्रियापद या दोन्हींचे दोन दोन अर्थ आहेत आणि निकदेम दोन्ही वेळा जमिनीजवळचा अर्थ उचलतो.

पुढे येशू आपले म्हणणे 'पाण्याने व आत्म्याने जन्मणे' अशा शब्दांत पुन्हा मांडतो आणि मग वाऱ्याचा दाखला देतो: वारा त्याला हवे तिकडे वाहतो, त्याचा आवाज तू ऐकतोस, पण तो कुठून येतो आणि कुठे जातो, हे तुला कळत नाही. या वाक्यात 'प्नेउमा' या एकाच शब्दाचा अर्थ वारा असाही आहे आणि आत्मा असाही आहे, ही गोष्ट बहुतेक भाष्यांत सांगितलेली असते. माझ्या मते तितकीच महत्त्वाची गोष्ट त्यातला 'कुठून' हा शब्द आहे. तो ग्रीकमध्ये 'पोथेन' आहे, म्हणजे त्यातही 'अनोथेन'मधलाच प्रत्यय आहे. संवादाचा विषय 'कितव्यांदा' हा नसून 'कुठून' हा आहे, असे त्या प्रत्ययाच्या पुनरुक्तीतून कानाला जाणवते. त्याच अध्यायाच्या एकतिसाव्या वचनात 'जो अनोथेन येतो तो सर्वांच्या वर आहे' असे वाक्य आहे आणि तेथे 'पुन्हा येतो' असा अर्थ कोणीही घेत नाही, कारण पुढच्याच शब्दांत पृथ्वीपासून झालेल्या माणसाशी त्याची तुलना केली आहे. आठव्या अध्यायात 'तुम्ही खालचे आहात, मी वरचा आहे' असे वाक्य येते. या लेखकाच्या सगळ्या विचारात वर आणि खाली हा भेद पायाभूत आहे.

त्यामुळे मला असे वाटते की येशूच्या वाक्यातला मुख्य अर्थ 'वरून' हाच आहे आणि 'पुन्हा' हा अर्थ निकदेमाच्या ऐकण्यातून पुढे येतो. पण लेखकाने तो दुसरा अर्थ निव्वळ गैरसमज म्हणून बाजूला टाकलेला नाही, कारण जो एकदा आईपोटी जन्मला आहे तो वरून जन्मला, तर तो जन्म दुसराच ठरणार. या शुभवर्तमानात अशा दुहेरी शब्दांची एक रीतच आहे. चौथ्या अध्यायात येशू शमरोनी स्त्रीला 'जिवंत पाणी' देऊ करतो. ग्रीकमध्ये 'जिवंत पाणी' म्हणजे वाहते, झऱ्याचे पाणीही होते आणि ती स्त्री तोच अर्थ घेऊन विचारते की तुमच्याकडे पोहरा नाही आणि विहीर तर खोल आहे. दुसऱ्या अध्यायात मंदिर म्हणजे दगडी इमारत असे ऐकणारे समजतात आणि लेखक वाचकाला सांगतो की येशू आपल्या शरीराविषयी बोलत होता. ऐकणारा जवळचा अर्थ घेतो, येशू आपले म्हणणे उलगडतो आणि दोन्ही अर्थ हातात घेऊन वाचक पुढे जातो, अशी ही मांडणी आहे.

येथे एक मोठा आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गालीलातला येशू आणि यरुशलेमेतला निकदेम आपापसांत अरमाईक भाषेत बोलले असणार असे बहुतेक अभ्यासक मानतात आणि अरमाईकमध्ये 'वरून' व 'पुन्हा' हे दोन्ही अर्थ सहज देणारा एक शब्द नाही. मग ज्या शब्दखेळावर हा संवाद उभा आहे, तो मूळ संवादात होताच कसा? काही अभ्यासक यावरून असा निष्कर्ष काढतात की हा संवाद या रूपात ग्रीकमध्येच रचला गेला. दुसरे अभ्यासक लक्षात आणून देतात की त्या काळच्या यहूदियात ग्रीक परकी नव्हती, आणि निकदेम हे नावच ग्रीक आहे. त्यात 'विजय' आणि 'लोक' असे दोन ग्रीक शब्द आहेत. तिसरे असे म्हणतात की वरून जन्मण्याविषयीचे म्हणणे जुने असेल आणि शब्दांची ही गुंफण शुभवर्तमानकाराची असेल. यांपैकी कोणते खरे हे केवळ व्याकरणाच्या बळावर ठरत नाही. व्याकरण इतकेच सांगते की आज आपल्यासमोर असलेला मजकूर ग्रीक कानांसाठी घडवलेला आहे.

त्या ग्रीक कानांनी काय ऐकले, याचाही पुरावा आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात प्रवचने देणारा योहान क्रिसोस्तोम याची मातृभाषा ग्रीक होती आणि तो या वचनाबद्दल सांगतो की येथे 'अनोथेन'चा अर्थ काही जण 'स्वर्गातून' असा करतात, तर काही जण 'आरंभापासून' असा करतात. म्हणजे ही संदिग्धता भाषांतरकारांनी निर्माण केलेली नाही. जन्मापासून ग्रीक बोलणाऱ्यांनाही ती दिसत होती. त्याच्या फार आधी, दुसऱ्या शतकाच्या मध्यास, जस्टिन या लेखकाने येशूचे असेच एक वाक्य उद्धृत करताना 'अनोथेन जन्मणे' याऐवजी 'अनगेन्नाओ', म्हणजे 'पुन्हा जन्म देणे', हे क्रियापद वापरले आहे. हे क्रियापद पेत्राच्या पहिल्या पत्रातही आहे. बाप्तिस्म्याच्या संदर्भात 'पुन्हा जन्म' ही भाषा ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये लवकर रुजली आणि तिने योहानातल्या शब्दाचा अर्थ आपल्याकडे ओढून घेतला, असे यावरून दिसते.

भाषांतरांनी ही ओढ पक्की केली. पेशित्ता या सिरियाक भाषेतल्या प्राचीन बायबलमध्ये येथे जो शब्दप्रयोग आहे त्यात 'डोके' असा अर्थ असलेला शब्द आहे आणि त्याचा रूढ अर्थ 'नव्याने' असा आहे. म्हणजे तेथेही सुरुवात वरच, डोक्याशी आहे, पण स्वर्गाचा अर्थ त्यात येत नाही. व्हल्गेट या प्राचीन लॅटिन भाषांतराने या वचनात 'देनुओ', म्हणजे 'नव्याने', असे केले, पण त्याच अध्यायाच्या एकतिसाव्या वचनात 'देसूर्सुम', म्हणजे 'वरून', असा वेगळा शब्द घेतला. लॅटिन वाचकाला मग तिसरे आणि एकतिसावे वचन एकमेकांशी जोडलेले आहे, हे कळण्याचा मार्गच उरला नाही. पुढे लूथरच्या जर्मन भाषांतरात 'नव्याने' आले, १५२६ च्या टिंडेलच्या इंग्रजी नव्या करारातही तोच अर्थ आला आणि १६११ च्या इंग्रजी भाषांतराने 'पुन्हा' असे छापून समासात 'किंवा वरून' अशी टीप दिली. 'बॉर्न अगेन' हे आजच्या जगभरच्या एका मोठ्या ख्रिस्ती प्रवाहाचे ओळखचिन्ह त्या मुख्य मजकुरातून आले आहे; समासातली टीप फार थोड्यांनी वाचली. अलीकडच्या काही इंग्रजी भाषांतरांनी 'वरून' हा अर्थ मजकुरात घेऊन 'पुन्हा' हा टिपेत ठेवला आहे.

मराठी भाषांतरकारापुढे यात आणखी एक अडचण आहे. 'पुनर्जन्म' हा शब्द वापरणे सर्वांत सोपे, पण तो वापरता येत नाही, कारण मराठी वाचकाला त्यातून मृत्यूनंतर दुसरा देह घेणे हा सिद्धांतच कळेल आणि योहानाच्या मजकुरात त्याला स्थान नाही. 'द्विज' ही कल्पनाही मनात येते, पण तिच्यात 'दोनदा' ही संख्या मुख्य आहे आणि ती संख्या आपण पाहिले त्याप्रमाणे निकदेमाने आणलेली आहे. प्रचलित भाषांतराने 'नव्याने' हा शब्द निवडून या दोन्ही खड्ड्यांना वळसा घातला आणि ती निवड समजण्यासारखी आहे, कारण 'वरून जन्मणे' हे मराठी कानाला अपरिचित वाटते आणि ते वापरले तर निकदेमाचा 'दुसऱ्यांदा'चा प्रश्न अचानक कुठून आला, असे वाचकाला वाटते. तरीही त्याच अध्यायात पुढे 'जो वरून येतो' असे वाचताना मराठी वाचकाला त्याच शब्दाची ओळख पटत नाही, ही हानी मला मोठी वाटते. पंडिता रमाबाईंनी ग्रीक आणि हिब्रू शिकून केडगावला संपूर्ण बायबलचे भाषांतर केले आणि ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ भाषेतून थेट मराठीत येण्याची परंपरा आपल्याकडे निदान शंभर वर्षांची आहे, तेव्हा अशा जागी वाचकाला दोन्ही अर्थ दाखवण्याला भाषेची अडचण नाही. मजकुरात 'वरून जन्मल्यावाचून' असे छापावे, खाली टिपेत या ग्रीक शब्दाचा 'नव्याने' असाही अर्थ होतो आणि निकदेमाने तो तसा घेतला असे सांगावे आणि एकतिसाव्या वचनाचा क्रमांक त्याच टिपेत द्यावा. टिपेसाठी दोन ओळी पुरतील.